दोन दिवसांत निवळतं

बाटलीतला रंग बघून तिला क्षणभर वाटलं, ही आपली नव्हेच, आपल्या आधी आत येऊन गेलेली कुणी बाई विसरून गेली असेल. पण बाटली हातात कोमट लागत होती. कोऱ्या चहासारखा तपकिरी रंग, वर थोडा फेस. बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केली, "झालं का हो?" आणि ती "झालं, झालं" म्हणाली, पण तशीच उभी राहिली. कालच्या चढामुळे मांड्या अजून आतल्या आत थरथरत होत्या. नळाच्या पाण्याचे शिंतोडे वाळून फरशांवर पांढुरके डाग पडले होते. खिडकीच्या धुरकट काचेतून सकाळचा उजेड येत होता, त्यात तिनं बाटली पुन्हा एकदा धरून पाहिली. घाबरायला हवं होतं. ती घाबरली नाही. आजीची म्हण तिच्या मनात अशी उमटली की जणू कुणी कानाशी लागून बोललं: सुंठीवाचून खोकला गेला. मग मात्र तिचे कान तापले. आत दुसरं कुणी नव्हतं तरी तिनं मान खाली घातली, झाकण गच्च लावलं आणि बाटली तपासणीच्या ट्रेमध्ये इतर बाटल्यांच्या ओळीत नेऊन ठेवली. बाकीच्या सगळ्या पिवळसर होत्या. तिची एकटीची लांबून ओळखू येत होती.

बाहेर बाकावर वहिनी पर्स मांडीवर धरून बसली होती. "एवढा वेळ? होत नव्हती का?" असं तिनं सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, आणि एरवी त्यावर ती हसली असती. वहिनीचं सगळंच मोठ्यानं. दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती मोठ्यानं रडली होती, स्वतःचा रक्तगट जुळत नाही म्हटल्यावर रक्तगटाला मोठ्यानं शिव्या घातल्या होत्या, आणि ज्या दिवशी नणंदेचा रिपोर्ट आला त्या दिवशी तिनं फोनवर इतकी जोरात किंकाळी फोडली, "काडीची जुळली! अहो, आपल्या काडीची जुळली!" की पलीकडे ही हातातला कवळीचा साचा टाकून उभीच राहिली. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात मेणाचं काम करायची. तापलेल्या सुरीनं मेण कोरून एकेक दात हिरडीत बसवायचा, चावून बघितल्यासारखे दोन्ही जबडे मिटवायचे, कुठे उंच लागतोय ते बघायचं. त्या दिवशी मेजाभोवतालच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पेढ्यांची मागणी केली. ती हसत होती. हसताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला कुणी विचारलेलंच नाही. जबरदस्ती अशी कुणीच केली नव्हती. पानावर बसलेल्या माणसाला 'जेवणार का' म्हणून कुणी विचारत नाही, तसं झालं होतं. रक्त तपासायला सगळे गेले म्हणून तीही गेली; तिथून पुढचं सगळं आपोआप ठरत गेलं. नाही म्हणायला डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "तुमची मर्जी आहे ना?" पण तेव्हा वहिनी शेजारच्या खुर्चीत होती, तिचा ओला, गरम तळवा हिच्या गुडघ्यावर होता. "आहे की," ती म्हणाली होती. त्या 'की'चा आवाज तिला अजून ऐकू यायचा. किती सहज निघाला होता तो.

काडी हे नाव दादानंच ठेवलेलं. लहानपणी ती सारखी आजारी. शाळेच्या जिन्यावर धाप लागायची, खेळाच्या तासाला सावलीत बसवून ठेवायचे, आणि घरी येताना दादा तिचं दप्तर आणि कधीकधी तिलाही पाठीवर घ्यायचा. तो आडदांड, दोरीवर चढणारा, लोकांच्या घरची कपाटं एकट्यानं हलवणारा. पुढे लिफ्टची दुरुस्ती करू लागला. "आमचं काम लोकांना वर चढवायचं, आम्ही आपले तळघरात," असं सांगून स्वतःच हसायचा. ती त्याच्याकडे बघत मोठी झाली आणि कायम थोडी मागे राहिली. चाळिशी उलटल्यावर, लग्न मोडून बरीच वर्षं झाल्यावर, टेकडीवर सकाळी पळणाऱ्या एका गटात ती कशीबशी शिरली. पहिले काही महिने सगळ्यांच्या शेवटी. मग एके दिवशी पाय आपले आपण चालायला लागले. धाप लागायची, पण ती तिच्या ताब्यातली धाप होती. पुढे ती लांबच्या शर्यती पळू लागली, आणि घरात कौतुक सुरू झालं ते असं: "आमची काडी बघा, घोड्यासारखी पळते." दादा आजारी पडला, सुजला, त्याच्या हातावर डायलिसिससाठी शिरेची गाठ वर आली, जिना चढताना त्याला धाप लागायला लागली. ती त्याच्या मागून हात धरून चढायची. एकदा तशी चढताना तिला जे वाटलं होतं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नसतं. तिला बरं वाटलं होतं. त्याच्याकडे नसलेली एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे होती. आणि आता तीच जराशी काढून द्यायची होती.

तपासणीच्या आधी व्यायाम करायचा नाही, असं नर्सनं बजावून सांगितलं होतं. चालणंसुद्धा बेताचं. तरी आदल्या दिवशी ती टेकडीवर गेली. नुसते पाय मोकळे करू, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ते खोटं नव्हतं, पहिल्या वळणापर्यंत तरी. मग चढ आला. ऊन वाढत होतं, पाण्याची बाटली तिनं खालीच ठेवली होती. ती वर पोचली, खाली आली, पुन्हा वर गेली. गटाला शिकवणारे सर, निवृत्त पोलीस, कडेला उभे होते. ते ओरडले, "अहो, आज काय कुणी मागे लागलंय का?" तिनं नुसता हात हलवला. याच सरांनी मागे एकदा, लांब शर्यतीनंतर तिला लालसर लघवी झाली आणि ती रडकुंडीला आली तेव्हा समजावलं होतं, "जास्त पळालं, पाणी कमी पडलं, की किडनीवर ताण येतो. रक्त दिसतं, प्रथिनं उतरतात. विश्रांती घ्या, पाणी प्या, वेदनाशामक गोळ्या अजिबात खाऊ नका. दोन दिवसांत निवळतं." तर तिला माहीत होतं. माहीत असणं म्हणजे काय, यावर ती नंतर फार विचार करायची. पाय पळत असताना डोक्यात ते वाक्य होतं का? नव्हतं, असं ती शपथेवर सांगू शकली असती. पण गुडघा दुखतो म्हणून घरी येऊन तिनं जी गोळी घेतली, ती घेताना ते वाक्य होतं. गोळी घशाखाली उतरेपर्यंत होतं.

डॉक्टरांनी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. "प्रथिनं जाताहेत, रक्त आहे, क्रिएटिनिनही वाढलंय. जोराचा व्यायाम काही केला होतात?"

"नाही. रोजचं चालणं, तेवढंच."

"गोळ्या?"

"नाही."

"बरं. विश्रांती घ्या, पुन्हा तपासू." डॉक्टर मान वर न करता लिहीत होते. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिच्या तोंडून चक्क आवाज निघत नव्हता.

पहिल्या वेळेचं तिला स्वतःपाशी काहीतरी निभावून नेता आलं असतं. दुसऱ्या वेळेचं नाही. दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दुपारी ती कारखान्यातून डोकं दुखतंय म्हणून निघाली. टेकडीवर कुणी भेटेल म्हणून तिकडे गेली नाही. शहराबाहेर पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक उघडा रस्ता होता, तिकडे गेली. भर उन्हात ट्रकचालक तिच्याकडे वळूनवळून बघत होते. ओठ वाळले, जीभ टाळूला चिकटली. वाटेत एका टपरीवर पाण्याचा जग भरून ठेवलेला दिसला आणि ती त्याच्या जवळून, अगदी हात लागेल इतक्या जवळून, पुढे गेली. त्या क्षणी तिला स्वतःची जी किळस आली ती पुढच्या कुठल्याही क्षणापेक्षा स्वच्छ होती. आपण एका माणसाला मारायला पळतोय, असं तिला वाटलं. मग वाटलं, छे, मारायला कसलं, तो डायलिसिसवर जगेलच की, माणसं वर्षानुवर्षं जगतात. मग या 'जगेलच की'चीही लाज वाटली. पाय मात्र थांबले नाहीत. परतताना बसमध्ये तिनं दोन गोळ्या कोरड्याच गिळल्या.

"तुम्हाला दाता म्हणून घेता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यांनी मान वर केली होती. "आता तुमच्याच किडन्यांची काळजी करायला हवी. असंच राहिलं तर सुईनं बारीकसा तुकडा काढून तपासावा लागेल." वहिनीनं तिला जवळ घेतलं. वहिनीच्या खांद्याला साबणाचा आणि घामाचा वास येत होता. "वेडे, तू कशाला रडतेस?" ती म्हणत होती, "तुझा काय दोष?"

त्या आठवड्यात दादा तिच्या घरी आला. इमारतीची लिफ्ट बंद होती, तो जिने चढून, प्रत्येक मजल्यावर थांबत आला आणि दारात कठड्याला धरून म्हणाला, "बघ, लिफ्टवाल्याच्याच नशिबी जिने." तिनं खुर्ची पुढे ओढली. सवयीनं पाण्याचा ग्लास भरला आणि मग त्याला पाणी मोजूनच प्यायचं असतं हे आठवून तो हातातच धरून उभी राहिली. तो एक घोट प्यायला, बराच वेळ तोंडात धरून. मग तिला समोर बसवून तो तिला शिकवू लागला. नव्या कामगाराला हत्यारं दाखवावीत तसं एकेक, सावकाश. मीठ आत्तापासूनच कमी कर, म्हणजे पुढे जड जात नाही. पाणी बंद झालं तर बर्फाचा खडा तोंडात धरायचा, चावायचा नाही; चावला की संपला. रक्त काढायला नेहमी उजवा हात पुढे कर, डावा जपून ठेव, शीर लागते पुढे. "आणि पहिल्यांदा मशीनवर घालतात ना, तेव्हा खूप थंडी वाजते, ते कुणी सांगत नाही. मोजे घालून जायचं."

"दादा, असं काही होणार नाहीये."

"नाहीच होणार. तुझं लवकर कळलं. माझ्या तपासण्यांमुळे तुझं वेळेत कळलं, एवढं तरी माझ्या आजारानं चांगलं केलं." एवढं म्हणून तो हसला, आणि हसताहसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तिनं त्याला आईबाबा गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. तो तोंडावर हात धरून रडत होता आणि हाताची फुगलेली शीर थडथड उडत होती. "तू तरी नको गं," तो म्हणाला. "आपल्या दोघांत तू एकच धड झाली होतीस." तिच्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते उगाच नाही, असं तिला वाटलं. ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. त्याला वाटलं, तीही आत रडतेय. तो बाहेरून म्हणाला, "रड, रड. बरं वाटतं." ती रडत नव्हती. वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

त्यानंतर ती पळाली नाही. सकाळी जाग आली की पाय आपोआप बूट शोधायचे, आणि ती पांघरूण डोक्यावरून ओढून पडून राहायची. वहिनी अळणी डबा पाठवू लागली. कारखान्यात तिला कुणी जड साचे उचलू देईना. मालकीणबाई स्वतः खुर्ची सरकवून द्यायच्या. माणसं तिच्याशी हळू आवाजात बोलत आणि ती त्या आवाजाला उत्तर देताना आपलाही आवाज नकळत तसाच क्षीण काढत असे. हे लक्षात आल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लघवी दोन दिवसांत निवळली होती. स्वच्छ, फिकट, आरोग्यवान. ती रोज बघायची आणि रोज तिला वाटायचं, थोडी तरी गढूळ दिसावी.

सुईच्या तपासणीआधी डॉक्टरांनी पुन्हा एकदा साधी तपासणी करून घेतली. या वेळी ती एकटीच गेली होती. सगळं नॉर्मल आलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "तुम्ही पळता," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"हो."

"दोन्ही वेळा पळाला होतात. गोळ्याही घेतल्या होत्या."

"हो."

"सल्ल्याविरुद्ध, गोळ्या घेऊन, उन्हातान्हात. कल्पना आहे, एखाद्याला यातून कायमचं दुखणं लागतं? खेळाडू आणून टाकतात आमच्याकडे, स्नायू फुटलेले, किडन्या बंद पडलेल्या." ते रागावले होते, पण आवाज चढला नव्हता. मग बराच वेळ त्यांनी पेनाचं टोपण उघडलं, मिटलं. "चूक माझीही आहे. तुम्हाला एकटीला बसवून विचारायला हवं होतं. पुढच्या टप्प्यावर विचारणार होतो. बाई, कुणाला द्यायची नसेल तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो, वैद्यकीय कारणानं जमत नाही. खरं कारण आम्ही कधीच सांगत नाही. कुणाचं घर मोडत नाही. एवढी धावाधाव करायची गरजच नव्हती." जरा थांबून ते म्हणाले, "आताही तसंच सांगू शकतो. तुम्ही म्हणाल तसं."

एका शब्दात सुटका होती. पहिल्यापासून होती. एका बंद खोलीत, एका अनोळखी माणसापुढे, फक्त 'नाही' म्हणायचं होतं. आणि तेवढं टाळण्यासाठी ती तहानलेली, धापा टाकत, पाण्याच्या भरल्या जगाजवळून पळत गेली होती. ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसली. मग त्याच इमारतीत मागच्या बाजूला, जिथे त्या वेळी दादा मशीनवर होता, तिकडे गेली.

तो आरामखुर्चीत पडला होता, पायांत लोकरी मोजे, रक्ताच्या नळ्या हाताला चिकटपट्टीनं बांधलेल्या. आसपासचे रुग्ण झोपले होते. तिला बघून त्यानं भुवया उंचावल्या, "काय म्हणाले?"

"मला काही झालेलं नाही, दादा. मी पळत होते. तपासणीच्या आदल्या दिवशी. त्यानं तसं होतं, माहीत होतं मला."

मशीनची घरघर चालू होती. त्यानं आधी छताकडे पाहिलं. "दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"नाही म्हणायचंस गं."

"कसं म्हणणार होते?"

"तोंडानं," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्यानं तिच्याशी असा आवाज वापरला नव्हता. मग डोळे मिटून तो एकेक शब्द सुटा करत बोलला, "नाही म्हणाली असतीस तर मला वाईट वाटलं असतं. माझ्यासाठी वाटलं असतं. ते मी सोसलं असतं, सवय आहे. पण इतके दिवस मी तुझ्यासाठी रडतोय. या खुर्चीत तू बसलेली मला रोज दिसते. ते मला परत दे."

"मी देते, दादा. किडनी देते. आजच डॉक्टरांना सांगते. खरंच मनापासून देते."

"आता नको."

"रागानं म्हणतोयस."

"राग आहेच. पण रागानं म्हणत नाहीये. लाजेपोटी दिलेली वस्तू अंगात घेऊन मी कसा वावरू? तू समोर आलीस की प्रत्येक वेळी तुझं तोंड बघायचं, हिला खरंच द्यायची होती का?" त्यानं मोकळा हात उचलला, बहुतेक तिच्या डोक्यावर ठेवायला, आणि पुन्हा खाली ठेवला. "वहिनीला सांगू नकोस. ती तुला पोटच्या पोरीसारखी मानते. तिला एवढ्यात दोन-दोन दुखणी नकोत."

पुढचं सगळं वहिनीनं केलं, तिच्या पद्धतीनं, आरडाओरडा करत. डॉक्टरांनी तिला सांगितलं की अशीच अडलेली आणखी जोडपी असतात. अदलाबदल करता येते. तिनं त्यांच्या मागे लागून लागून तसं एक जोडपं गाठलं. त्या नवऱ्याची किडनी त्याच्या बायकोला चालत नव्हती, दादाला चालत होती; वहिनीची त्या बाईला. "माझी काही यांच्या अंगात जाणार नाही, पण निघेल तर यांच्याच नावानं," वहिनी म्हणाली, आणि डॉक्टरांनी एकटीला बसवून मर्जी विचारली तेव्हा म्हणे त्यांच्यावरच खेकसली, "मर्जी नसती तर तुमचं डोकं कशाला खाल्लं असतं?" चारी माणसं एकाच दिवशी आत गेली, चारी धड बाहेर आली. दादाला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, कुणाला भेटू देत नव्हते. काचेतून त्यानं तिच्याकडे पाहिलं, मान हलवली. बाहेरच्या कुणाकडेही पाहून हलवावी तशी. नवी किडनी लगेच काम करू लागली होती. नर्स म्हणाली, "भरभरून लघवी होतेय," आणि सगळे टाळ्या पिटून हसले. तीही हसली, आणि ते हसू मात्र खरं होतं, पूर्ण खरं. त्याचं तिला नवल वाटलं.

वहिनीजवळ राहायला तीच होती. वहिनीचा आवाज पहिल्यांदाच बसला होता. कुशीवर वळताना ती ओठ चावायची, टाक्यांवर हात धरायची आणि तशातही चौकशी करायची, दादानं खाल्लं का, तू खाल्लंस का, आज अळणी डबा कुणी दिला तुला. तिसऱ्या दिवशी दुपारी खोली बदलायची होती, वरच्या मजल्यावर. नर्स चाकांची खुर्ची घेऊन आली. पन्नाशीची, कृश, कमरेला पट्टा बांधलेली बाई. इकडे नणंदेनं कपड्यांनी, भांड्यांनी भरलेली मोठी बॅग उचलली आणि खांद्याला अडकवू लागली, तोच वहिनी खुर्चीतून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अहो सिस्टर, हिला नका उचलू देऊ. हिच्याही किडन्यांचं दुखणं आहे. सांगत नाही ती कुणाला."

"वहिनी, मला काही झालेलं नाही." तिचा आवाज एवढा मोठा निघाला की नर्सनं वळून पाहिलं. "माझ्या दोन्ही चांगल्या आहेत. खरंच सांगते. पहिल्यापासून चांगल्या होत्या."

वहिनीनं तिचा हात धरला. तळवा तसाच ओला, गरम होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती नर्सकडे बघून म्हणाली, "बघितलंत? मला काळजी वाटू नये म्हणून. असंच म्हणत राहा गं, मनानं घेतलं की अंगही घेतं." मग तिनं हात थोपटला, दोनदा, हळूच, टाके ओढले जाऊ नयेत अशा बेतानं.

नर्सनं पुढे होऊन बॅगेचा पट्टा धरला. एक क्षण तो दोघींच्या हातांत होता. मग हिनं बोटं सोडली. बॅगेच्या ओझ्यानं नर्सचा एक खांदा खाली गेला. तशीच तिरकी होत तिनं दुसऱ्या हातानं खुर्ची ढकलायला सुरुवात केली, आणि ही त्यांच्या मागोमाग, रिकाम्या हातांनी, लांबलचक बोळातून चालू लागली.